पाणचष्मा आणि बोरकडीचे बेट

॥ श्री ॥

शुक्रवार पेठ, सोलापूर
ता. २२ मे १९७९

चिरंजीव धोंडप्पा यास,

मुंबईच्या गोदीत जहाजांची पोटे खरवडणाऱ्या माझ्या एकुलत्या एका मेहुण्यास त्याच्या दाजींचे, म्हणजे चनबसप्पा मास्तरांचे, भरघोस आशीर्वाद. तुझी प्रकृती उत्तम असणार हे मी न विचारताच गृहीत धरतो, कारण ती बिघडली की तू पत्र लिहितोस आणि ठणठणीत असली की पार्सल पाठवतोस, आणि या खेपेस पार्सल आले. इकडची खुशाली म्हणशील तर तुझ्या अक्काचे गुडघे जिन्याला दोष देतात आणि जिना घरमालकाला देतो. महानंदा मॅट्रिकच्या निकालाची वाट पाहत रोज एक नवा पदार्थ करपवते. नळाला एक दिवसाआड पाणी येते आणि ऊन मात्र खाडा न करता येते. मी स्वतः या क्षणी पालथा पडून लिहीत आहे. अक्षर वाकडे दिसले तर ते वयामुळे नव्हे, पाठ भाजल्यामुळे. सोलापुरात अठ्ठेचाळीस उन्हाळे काढून ज्या पाठीला काही झाले नाही, ती पाण्यात तासभर ठेवल्यावर भाजली. यावर तुमच्या गोदीतल्या लोकांचे काही शास्त्र असेल तर कळवावे.

तुला दोन गोष्टींचे उत्तर देणे आहे. एक, तू पाठवलेली ती अद्भुत वस्तू. दुसरी, गेल्या सहा महिन्यांत चार पत्रांतून तू विचारलेला एकच प्रश्न: अव्वाला मुंबईला कधी पाठवता? तुला गोदीच्या वसाहतीत दोन खोल्या मिळाल्या, नळ घरात आहे, आणि आईने मुलापाशी राहावे हे जगरहाटीला धरूनच आहे. मला सगळे मान्य आहे. परंतु या प्रश्नात जावई हा फार अडचणीतला प्राणी असतो. सासूला 'जा' म्हणावे तर तो कृतघ्न, 'राहा' म्हणावे तर मेहुण्याच्या हक्कावर अतिक्रमण. म्हणून मी दोन वर्षे मौन पाळले. (आमच्या घरी मौन पाळायला कष्ट पडत नाहीत. बोलायची पाळीच येत नाही.)

तरीही वस्तुस्थिती तुझ्या कानावर घालणे माझे कर्तव्य आहे. उजनीचे पाणी बोरकडीच्या वेशीत आले तेव्हा आमच्या सासूबाई, म्हणजे तुझी अव्वा, "चार दिसांसाठी" म्हणून आमच्याकडे आल्या. त्या चार दिवसांना परवा दोन वर्षे पुरी झाली. त्यांची ट्रंक अजून खाटेखाली सुंभाने बांधलेलीच आहे; रोज गाठ सोडतात, लुगडे काढतात, पुन्हा गाठ मारतात, फलाटावर बसलेल्या माणसासारख्या. लेकीच्या घरचे फुकट खाऊ नये म्हणून पहाटे चारला उठून शेंगा फोडतात. त्या आवाजाने मी उठतो. आमच्या घरात आता शेंगदाणे इतके झाले आहेत की चटणी हे आमचे तोंडीलावणे न राहता मुख्य अन्न झाले आहे. संध्याकाळी माझ्याकडे पाच मुली संस्कृतच्या शिकवणीला येतात, त्यांनी रोज घोकलेले ऐकून ऐकून या निरक्षर बाईंना तीन विभक्त्या पाठ झाल्या आहेत. एखादी मुलगी 'देवेन' वर अडखळली की स्वयंपाकघरातून 'देवाभ्याम्' येते. मुली हसतात. शिस्त राहत नाही. मला त्या 'मास्तर' म्हणतात; जावयाला अशी हाक मारणे शास्त्रात बसत नाही, पण मी ते सोडून दिले आहे.

तुझे चौथे पत्र आल्यावर तुझ्या अक्काने त्यांना सरळच विचारले, "अव्वा, धोंडप्पाला काय कळवू? मुंबईला जातेस का हितंच राहतेस?" त्यांनी शेंग फोडता फोडता सांगितले, "आदी गाव बघीन. मग सांगीन." अक्का म्हणाली, अगं, गाव पाण्यात गेलं. त्यावर त्या म्हणाल्या, "पान्यात गेलं म्हंजे कुटं गेलं? हाय तितंच असंल की." मी सहा वर्षे पाठशाळेत तर्क शिकलो आहे, धोंडप्पा. या वाक्यात मला कुठेही फट सापडली नाही. आणि नेमके त्याच आठवड्यात तुझे पार्सल येऊन पडले.

ते उघडले तेव्हाचा प्रसंग तुला सांगितलाच पाहिजे. काळ्या रबराच्या चौकटीत बसवलेली जाड काच, एक वाकडी नळी आणि बदकाच्या पायांचा एक जोड. तुझ्या अक्काला वाटले, दवाखान्यातले सामान चुकून आले. मी त्या काचेला 'जलनेत्र' आणि नळीला 'श्वासनलिका' अशी नावे दिली. महानंदाने एकाला पाणचष्मा आणि दुसरीला नळी म्हटले आणि तीच चालली. सोबतचा इंग्रजी कागद तिने वाचून दाखवला. तोंड पाण्यात घालायचे, नळी वर ठेवायची, आणि खाली जे असेल ते पाहायचे. सासूबाईंनी शेंगांचे सूप बाजूला ठेवले आणि विचारले, "खाली जे असंल ते?" त्या क्षणी आमची सहल ठरली. मला कोणी विचारले नाही.

वस्तू आधी घरी तपासावी म्हणून मी न्हाणीत पितळी घंगाळ भरून घेतले. आता इथे माझी एक चूक झाली, आणि ती मी तुला प्रांजळपणे सांगतो, कारण अक्का तशीही सांगणारच. मी तीस वर्षे प्राणायाम करतो. श्वास नाकाने घ्यावा, तोंडाने घेणे हे श्वानाचे लक्षण, असे माझ्या गुरुजींनी छडीसकट शिकवले. तुझ्या वस्तूत नाक काचेच्या आत कोंडलेले असते, आणि श्वास घ्यायचा तो तोंडातल्या नळीने. कागदावर तसे लिहिलेही होते म्हणे. पण मी इंग्रजी कागदापेक्षा परंपरेवर विसंबलो. पूरक केला, म्हणजे नाकाने श्वास ओढला, तेव्हा ती काच जळवेसारखी चेहऱ्याला चिकटली. रेचक केला तेव्हा धुके पडले. कुंभकाची वेळ आली तेव्हा तो आपोआपच झाला. महानंदा दारातून ओरडत होती, "अप्पा, तोंडानं! तोंडानं घ्या!" आणि नेमके त्याच वेळी खालच्या बिऱ्हाडातले सोमलिंगअप्पा भिसीचे विचारायला वर आले आणि त्यांनी मला गुडघ्यांवर बसून, डोके घंगाळात, डोक्यावर रबरी शिंग, अशा अवस्थेत पाहिले. ते आल्या पावली जिना उतरले. पेठेत आता अशी वदंता आहे की मास्तरांनी हठयोगातले काहीतरी कडक आरंभले आहे. दोघे जण अनुग्रह मागायला येऊन गेले.

असो. गेल्या शनिवारी आम्ही निघालो. पुण्याकडच्या पॅसेंजरने जेऊर, तिथून उसाच्या ट्रॉलीत बसून पाण्याच्या काठापर्यंत. (ट्रॉलीत बसून म्हणणे ही अतिशयोक्ती. ट्रॉलीत उडत.) तुला आठवत असेल, बोरकडी अर्धी सपाटीला आणि अर्धी बिरोबाच्या टेकडीच्या उतारावर होती. आता सपाटी खोल गेली, उतार पाण्याखाली आला, आणि टेकडीचा माथा तेवढा बेट होऊन वर राहिला. मे महिन्यात पाणी बरेच ओसरते, त्यामुळे वरच्या आळीतली घरे, म्हणजे तुमची आळी, दीड-दोन पुरुष पाण्याखाली असतात, असे आम्हाला येडूने सांगितले. येडू धनगर तुला माहीत आहेच. पूर्वी त्या टेकडीवर मेंढरे चारायचा. चरायचे रान बुडाले तेव्हा त्याने उरलेली मेंढरे बेटावर नेऊन सोडली, आणि त्यांच्याकडे जायला-यायला म्हणून गुऱ्हाळाची एक जुनी काहील घेतली. हो, काहील. ज्यात उसाचा रस आटवून गूळ करतात तीच. तीत बसून तो जातो, आणि माणसांनाही नेतो.

काहिलीला पुढे-मागे असे काही नसते. येडू बांबूने एकीकडे रेटतो, ती गोल फिरते. दुसरीकडे रेटतो, उलटी फिरते. आणि या प्रदक्षिणा घालता घालता कधीतरी पलीकडे पोचते. मी हयातीत इतक्या प्रदक्षिणा कुठल्या देवाला घातल्या नाहीत. शिवाय येडू तिला मेंढरांसारखा हाकतो. जरा वाकडी गेली की "हुर्र, हुर्र, ह्याच्या आयला, कुटं चाललीस!" आणि गंमत म्हणजे ती ऐकते. तुझ्या अक्काने एका हाताने काहिलीचा काठ आणि दुसऱ्याने माझा सदरा धरला होता. मला पोहता येत नाही हे तिला लग्नानंतर कळले, आणि ते तिने अजून मनातून काढलेले नाही. सासूबाई मात्र मधोमध मांडी घालून, देवघरात बसावे तशा बसल्या होत्या. पाण्यातून बाभळींचे वाळके शेंडे वर आले होते, त्यांवर पाणकावळे पंख पसरून बसले होते. सासूबाई एकेका शेंड्याकडे बोट करून सांगत होत्या, ही पाटलाच्या खळ्यातली, ही चावडीमागची. आम्ही गावावरून चाललो होतो, धोंडप्पा. त्यांना खाली रस्ता दिसत होता आणि आम्हाला फक्त पाणी.

बेट फार शांत आहे. बिरोबाचे देऊळ, त्याच्या दगडी पायऱ्या सरळ पाण्यात उतरलेल्या, आठ मेंढरे, एक लिंब. किनारा मुरमाचा, तळव्यांना टोचणारा. मुंबईची चौपाटी तू पाहतोस, तिथे म्हणे लोक मुद्दाम वाळूत बसतात. आमच्या या चौपाटीवर बसले की उठवत नाही, कारण मुरूम धोतरात रुततो. लिंबाखाली शिदोरी ठेवली आणि कर्ता पुरुष या नात्याने पहिल्याने पाण्यात मी उतरलो. घंगाळातून धडा घेतला होता. मी मनाशी 'तोंडाने, तोंडाने' असा जप करत गुडघाभर पाण्यात तोंड घातले. चार श्वास तोंडाने झाले. पाचव्याला तीस वर्षांची साधना उसळून आली. मी खोकत वर आलो. काठावर येडू आपल्या मेंढराला सांगत होता, "मास्तरांनी लई पानी पिलं. दोन दिसांत धरन रिकामं करत्यात."

मग सासूबाई उठल्या. लुगड्याचा काष्टा घट्ट मारला. बदकाचे पाय त्यांनी नाकारले ("माजे हायत की"). महानंदाने पाणचष्मा चढवून मागचा पट्टा ओढला तेव्हा म्हणाल्या, "घोड्याला तोबरा बांधल्यागत वाटतंया." नळी तोंडात घेतली, पायरीवरून पाण्यात उतरल्या, आणि पालथ्या होऊन सरळ तरंगू लागल्या. तोंडाने श्वास घेणे त्यांना पहिल्या फटक्याला जमले. तुझी अव्वा लहानपणी भीमेत भोपळा बांधून पोहायची, हे मला कोणी सांगितले नव्हते. सहासष्ट वर्षांची बाई, धोंडप्पा. येडू काठावरून सांगत होता, "चिंचंच्या बुंध्यापासनं डाव्या हाताला जावा, तितंच खाली तुमचं घर!" त्या बुंध्यापर्यंत गेल्या आणि उजवीकडे वळल्या. मला वाटले, लाट असेल.

मग त्या एका जागी थांबल्या. वर फक्त पाठीचे लुगडे फुगलेले, आणि नळीचे टोक. आम्ही चौघे काठावर उभे राहून त्या बोटभर रबराकडे पाहत होतो. अक्का पदराचे टोक पिळत होती. मी तिला विचारले नाही, तिनेही मला सांगितले नाही, पण दोघांच्या मनात एकच होते: या आता वर येतील आणि सांगतील, मुंबई का सोलापूर. पाच मिनिटे झाली असतील. आणि एकदम नळी खाली गेली. लुगडेही गेले. पाणी सपाट.

पुढचे मला नीट आठवत नाही. मी धावलो एवढे खरे. "अव्वा!" असे कोणीतरी ओरडले, महानंदा म्हणते, ते मीच. पाण्याखाली पायऱ्या कुठे संपतात याची चौकशी मी आधी केलेली नव्हती. त्या संपल्या. मग मी नाकाने आणि तोंडाने, परंपरेने आणि इंग्रजी कागदाप्रमाणे, दोन्ही रीतींनी पाणी घेतले. एवढ्यात कोणीतरी माझ्या धोतराचा सोगा धरून मला काठाकडे ओढू लागले. दगडाला लागलो तेव्हा डोळे उघडले, तर पाणचष्मा कपाळावर सारलेल्या सासूबाई. त्या जरा जवळून पाहायला बुडी मारून खाली गेल्या होत्या, इतकेच. म्हणाल्या, "मास्तर, तुमाला कुनी बोलवलं हुतं?" (माझी पाठ याच्या नंतर भाजली. अपमान धुऊन काढायला मी पुढे तासभर उथळ पाण्यात पालथा पडून सराव केला. जमले. मला एक शेताचा बांध दिसला, दगड ओळीने लावलेले. त्या बांधावरून दोन घराणी कोर्टात भांडली असतील. एक बोटभर मासा इकडच्या शेतातून तिकडच्या शेतात बिनदिक्कत जात-येत होता.)

सासूबाई पायरीवर केस निथळत बसल्या. कोणी काही विचारायच्या आत आपणहून बोलल्या, "ओटा हाय. मागली भिंत बसली. दार हाय. दाराला कुलूप बी हाय." ते ऐकून तुझ्या अक्काच्या डोळ्यांना धार लागली. आपले घर, आपले दार! महानंदाही रडली. मीही उपरण्याने तोंड पुसले, ओले होतेच. आता बघ, आम्ही केवढे शहाणे. पाणी यायच्या आधी सगळ्या गावाने आपापली घरे उकलून नेली. तूच रजा काढून आला होतास आणि दारे, तुळया, पत्रे सगळे उतरवले होतेस. तुमच्या घराचे दार गेली दोन वर्षे आमच्या माडीवर महानंदाच्या पुस्तकांची फळी होऊन पडले आहे. मी रोज त्याच्यावरची धूळ पाहतो. आणि तरी पाण्याखाली ते दार कुठून आले, असे सहा वर्षे तर्क शिकलेल्या माणसाला सुचले नाही.

कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही खाल्ले. सासूबाईंनी नेहमीसारखी अर्धी भाकरी चिवडली. मग येडूला म्हणाल्या, "केराबाई कुटं असती रं आता?" येडू म्हणाला, नव्या गावठाणात की, काठाला लागूनच. "व्हय? मग न्हे मला तितं." केराबाई म्हणजे तुमची शेजारीण, जिच्याशी तुझ्या अव्वाचे चाळीस वर्षे न्हाणीच्या पाण्यावरून वैर होते. तुमच्या घराच्या उजव्या हाताची. (उजव्या हाताची, हे मी लिहिताना आत्ता अधोरेखित करतो. त्या वेळी केले नाही.)

नवी बोरकडी तू पाहिली नाहीस. पट्टीने आखलेले रस्ते, नंबर टाकलेले दगड, सावली कुठेच नाही. केराबाई एका पत्र्याच्या खोलीच्या दारात बसली होती. डोळे अधू झालेत. पुढचे संभाषण जसे झाले तसे देतो, कारण यात माझी भर घालणे पाप आहे.

"कोन हाय?"

"मी. सिद्धी."

"मेली न्हाईस व्हय गं अजून?"

"तुज्या आदी? तुजी मागली भिंत पडली."

"कंची भिंत?"

"खालच्या घराची. आत्ता बघून आले."

"पडंल न्हाय तर काय! चाळीस वर्सं तुज्या न्हानीचं पानी खात हुती."

"अगं समदं धरन आलंय तिच्यावर, ते न्हाय दिसत, माजी न्हानी दिसती!"

"सुरुवात कुनी केली?"

मग सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या, "दार शाबूत हाय बग. कुलूप बी हाय. हात लावून बघितलं म्या. कुनी तोडलं न्हाय." केराबाईने कंबरेचा बटवा चाचपला. किल्ली तिथे होती. तिला मूल ना बाळ. सगळे गाव घरे उकलत होते तेव्हा तिचे घर उकलायला कोणी नव्हते. तिने झाडून काढले, कुलूप लावले आणि ट्रकात बसली. सरकारी माणूस हसला होता म्हणे. अक्काने नंतर अव्वांना विचारले, आपलं घर नाही का पाहिलंस? तर म्हणाल्या, "आपलं कशाला बघू? आपुन समदं काढून आनलं. तितं काय हाय? तिचंच तेवढं ऱ्हायलं हुतं. दोन वर्सं माज्या डोस्क्यात तेच, कुनी फोडलं असंल का." चाळीस वर्षांच्या वैराचा हा हिशेब माझ्या कोणत्याच ग्रंथात नाही.

केराबाईच्या चुलीपुढे तुझ्या अव्वाने अडीच भाकरी खाल्ल्या. मी मोजल्या. खाऊन बाहेर आल्या तर शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर ओळीने शेण्या वाळत घातलेल्या. नंबराच्या दगडावर तुझे नाव होते, धोंडप्पा. सरकारने जुन्या गावात ज्याच्या शेजारी जो होता त्यालाच त्याच्या शेजारी प्लॉट दिला आहे. सासूबाईंनी कंबरेवर हात ठेवले.

"ह्या शेन्या कुनाच्या?"

"माज्या. जागा पडली हुती मोकळी."

"उचल. हितं माजं घर व्हनार हाय."

"आन् न्हानी कुनीकडं काढनार?"

"तुज्याच कडंला!"

असा, कोणाला न विचारता, मुंबई आणि सोलापूर या दोन पक्षांमधून तिसराच पक्ष निघाला. येताना गाडीत अक्का रुसून बसली होती. आमचे काय चुकले, असे तिचे म्हणणे. सासूबाई खिडकीबाहेर पाहत होत्या, त्या लेकीला सोडून मला म्हणाल्या, "तुमचं कायबी चुकलं न्हाय, मास्तर. धोंडप्पाचं बी न्हाय. तुमी समदी मला अव्वा म्हनता, आजी म्हनता. मला 'अगं' म्हननारं एकच मानूस उरलंय. तिचं डोळं बी गेल्यात." मी उठून पलीकडची खिडकी लावली. गाडीचा आवाजही फार होत होता.

तेव्हा आता रडगाणे न लावता शहाण्या मुलासारखे वागावे. प्लॉट तुझ्या नावावर असल्याने घर बांधायला तुझी संमती लागते. कागद सोबत जोडला आहे, फुली केली आहे तिथे सही करून उलट टपाली पाठवावा. पावसाळ्यानंतर काम सुरू होईल. एका खोलीचे, ओट्यासकट. सासूबाई तिकडे गेल्या की आमच्याकडे पहाटे शांतता नांदेल, शिकवणीत शिस्त येईल, आणि चटणी पुन्हा तोंडी लावण्यापुरती होईल. एकंदरीत सर्वांच्या सोयीचे आहे. मला तर आत्तापासूनच मोकळे वाटते.

तुझा,
चनबसप्पा दाजी

ता. क. संमतीचा कागद वाचून सही करावी. मी शिकवत असे तेव्हा तू न वाचता उत्तरे लिहीत असस, आणि या कागदात एक ओळ शाईने वाढवलेली आहे.

ता. क. दुसरा. ती ओळ तू नाही वाचलीस तर, म्हणून इथेच सांगतो. प्लॉट दोन गुंठ्यांचा आहे. येडूच्या ओळखीचा गवंडी म्हणतो, अव्वांच्या खोलीला लागून आणखी एक खोली आरामात बसते. माझ्या निवृत्तीला दहा वर्षे आहेत, पण उन्हाळ्याची आणि दिवाळीची सुट्टी दरसाल असते. जागा तुझी आहे, तुझा हक्क आहे, आणि जावयाने सासूच्या दाराशी खोली मागणे शोभत नाही हेही मला ठाऊक आहे. अक्काला मी अजून सांगितलेले नाही. गेले तीन दिवस अव्वा ट्रंक नीट लावत आहेत. शेंगा फोडायचे त्यांनी बंद केले आहे, आणि मला पहाटे चारला आपोआप जाग येते आणि पुढे काही करता येत नाही. तुझी हरकत नसेल तर त्या ओळीखालीही सही कर. हरकत असेल तर सही करून मग कळव.

ता. क. तिसरा. "एवडं काय लिवताय सकाळधरनं?" असे अव्वांनी येऊन विचारले, तेव्हा मला वरचा दुसरा ता. क. त्यांना वाचून दाखवावा लागला. ऐकून घेतले. चष्मा नाही, वाचता येत नाही, तरी कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि परत दिला. दारापर्यंत गेल्या. मग वळून म्हणाल्या, "मदली भिंत जाड घाला म्हनावं, मास्तर. तुमी घोरता."